हरलेल्यांची पत्रं जपणाऱ्या सुंदराक्का

अक्का,

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. तुमची भाची वसुधा मला म्हणाली, मराठी मंडळाच्या अंकासाठी तुम्हीच काहीतरी लिहून द्या. सोबत तिने एक कागद दिला. जन्म कुठे, सचिवालयात नोकरीला कधी लागल्या, निवृत्त कधी झाल्या, सगळं नीट लिहिलेलं. तो कागद मी शर्टाच्या खिशात ठेवला आणि शर्ट तसाच धुवायला टाकला. कागदांच्या बाबतीत माझा हा निष्काळजीपणा तुम्हाला कधीच खपला नसता. पण खरं सांगू, बरंच झालं. त्या कागदावरून लिहिलं असतं तर मला तुमच्याशी बोलता आलं नसतं.

आपली पहिली भेट आठवते का? अॅव्हेन्यू रोडवरचं ते रद्दीचं दुकान. नागपूरहून बंगळूरला येऊन मला आठ-नऊ महिने झाले होते. इंदिरानगरमध्ये एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. शेजारच्या खोलीत बंगल्याच्या मालकांचा पाळणा अजून टांगलेला असायचा, अशी कंपनी. रविवार मोकळा. शाळेत असल्यापासून मला पुढाऱ्यांच्या सह्या जमवायचा नाद होता. बाबा निवडणुकीच्या सभांना खांद्यावर बसवून न्यायचे, तिथून तो लागला. बंगळुरात ओळखी नव्हत्या, म्हणून मी रद्दीची दुकानं पालथी घालायचो.

त्या दिवशी एका गठ्ठ्यात मला मोठ्या पुढाऱ्याची सही असलेलं पत्र दिसलं. मी गठ्ठा ओढला तर तो येईना. दुसरं टोक स्टुलावर पाठमोऱ्या बसलेल्या एका बाईंच्या हातात होतं. मी स्वतःशीच पुटपुटलो, "सोडा की हो बाई आता."

तुम्ही वळलात. "सोडते की. पण आत काय आहे ते तरी वाचा आधी."

मी गठ्ठा सोडून दिला. "तुम्ही मराठी आहात?"

"आहोत की. तीनशे वर्षं झाली इथे येऊन. तुम्ही केव्हा आलात?"

"जानेवारीत."

तुम्ही इतक्या जोरात हसलात की दुकानदारानेही मान वर केली.

तो गठ्ठा एका माजी आमदारांच्या घरचा होता. एकदा निवडून आलेले आणि नंतर तीनदा पडलेले. ते गेल्यावर घर आवरताना मुलांनी सगळे कागद बाहेर टाकले होते. मला त्यातली फक्त दोन पत्रं हवी होती, सहीची. बाकीचा ढीग माझ्या लेखी रद्दीच होता. तुम्ही मात्र त्यातून एक निळं आंतर्देशीय पत्र काढलंत. त्या आमदारांच्या मुलीने वसतिगृहातून वडिलांना लिहिलेलं. अप्पा, तुम्ही हरलात म्हणून मी रडले नाही, मला ताप होता म्हणून रडले, असं काहीतरी त्यात होतं.

"हे त्यांना परत द्यायला पाहिजे," तुम्ही म्हणालात.

"त्यांनीच तर टाकलंय."

"न वाचता टाकलंय. चला, मल्लेश्वरम स्वल्पच लांब आहे."

स्वल्प म्हणजे थोडं, हा माझा कन्नडचा पहिला धडा. ते अंतर स्वल्प अजिबात नव्हतं, हे दोन बस बदलल्यावर कळलं. त्या घरी मुलगा दारातूनच म्हणाला, आम्हाला नकोत, काय करायचं ते करा. मी आनंदाने मागे फिरलो. तुम्ही फिरला नाहीत. "तुमची बहीण आहे का हो घरी?" असं विचारून उंबऱ्याशी उभ्या राहिलात. मग आतून पन्नाशीच्या एक बाई आल्या. ते निळं पत्र त्यांनी उभ्यानेच वाचलं, पदराला हात पुसला आणि पुन्हा वाचलं. ते एक त्यांनी ठेवून घेतलं आणि बाकीचा गठ्ठा स्वतःच्या हातांनी तुम्हाला दिला. माझ्या दोन सह्यांसकट! बसमध्ये तुम्ही ती दोन पत्रं माझ्या मांडीवर ठेवलीत. "आता घे, तम्मा. आता ही कुणीतरी दिलेली आहेत."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे मला नंतर ऑफिसातल्या एकाने सांगितलं. तुम्ही मला त्या दिवशी तुम्हीवरून तूवर आणलंत. मी मात्र शेवटपर्यंत तुम्हीच म्हणत राहिलो.

मग चामराजपेटेतल्या तुमच्या दोन खोल्यांत माझे रविवार जायला लागले. भिंतीला लागून लोखंडी कपाट, त्यात जुन्या सुती साड्यांच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या फायली, प्रत्येक घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला. तुम्ही तीस-बत्तीस वर्षं मंत्र्यांच्या कचेऱ्यांमध्ये लघुलेखनिक होतात. समोर बसलेला माणूस बोलेल ते वहीत लघुलिपीत टिपून घ्यायचं, मग टाइप करायचं, मग सहीला पुढे ठेवायचं. कोण कसं बोलतो, कोण कुठे अडतो, कुणाला सही करताना घाई असते, सगळं तुमच्या ध्यानात होतं.

सही ओळखायला मला तुम्हीच शिकवलंत. कागद डोळ्यांच्या पातळीवर धरायचा. पाठीवरून हलकेच बोट फिरवायचं. रबरी शिक्का असेल तर पाठ सपाट लागते. "शाई कुठे दाटली आहे बघ. पेन टेकलं तिथे दाटते. रेघ कुठून सुरू झाली ते तिथे कळतं." मग तुम्ही एकाच मंत्र्यांच्या सहीचे दोन कागद माझ्यापुढे ठेवलेत. ज्यांच्याकडे तुम्ही सगळ्यात जास्त वर्षं काम केलं, ते तुमचे साहेब. नावाखाली दोन्हीकडे सारखीच रेघ. मला फरक कळेना.

"साहेब रेघ उजवीकडून ओढायचे," तुम्ही म्हणालात. "डावीकडून सुरू झाली असेल तर ती ऑफिसातल्या कुणीतरी केलेली."

कुणी, ते मी विचारलं नाही.

आपलं भांडण ठरलेलं असायचं. तुमच्या कपाटात बहुतेक पडलेले उमेदवार, एका मुदतीचे आमदार, खातं काढून घेतलेले मंत्री. मी म्हणायचो, अक्का, ही नावं आज कुणाला माहीत आहेत? तुम्ही म्हणायचात, म्हणून तर. मी म्हणायचो, यातून इतिहास होत नाही. तुम्ही म्हणायचात, "इतिहास तू कर. मी एवढंच बघते की निवडणूक हरल्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस कुणाला पत्र लिहितो." आणि मग एखादं काढून वाचून दाखवायचात. त्यातलं एक मला पाठ झालंय. निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी एका पडलेल्या उमेदवाराने तालुक्याच्या इंजिनिअरला लिहिलं होतं: मी आता कुणी नाही, पण तुम्ही कबूल केलेली विहीर तेवढी पुरी करा.

अशा माणसांकडे तुम्ही स्वतः जायचात. कोडुबळ्यांचा, म्हणजे तांदळाच्या तिखट कड्यांचा, पुडा घेऊन. एकदा मीही आलो होतो. ते ऐंशीचे गृहस्थ अडीच तास फक्त एका पुलाबद्दल बोलले. मला डुलकी लागली. तुम्ही मात्र शेवटी विचारलंत, "मग कमानी दोन केल्या की तीन?" त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसावं.

आता ते सांगतो, जे आपण पुन्हा कधीच बोललो नाही.

गौरम्मा आल्या तो रविवार. कोलारच्या पुढच्या एका खेड्यातल्या शिक्षकाच्या त्या विधवा. तुमच्या कुणा जुन्या सहकाऱ्याने त्यांना तुमचा पत्ता दिला होता. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकमध्ये घातलेलं एक पत्र काढलं. त्यांच्या नवऱ्याच्या शाळेचं छप्पर पडलं होतं, तरी ते दोन वर्षं चिंचेखाली वर्ग भरवत होते आणि शाळेत न येणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन त्यांना हाताला धरून आणत होते. तुमच्या साहेबांनी त्याबद्दल त्यांना लिहिलेलं ते कौतुकाचं पत्र होतं. मास्तर दर पंधरा ऑगस्टला ते काढून वाचायचे. आता मास्तर नाहीत. शाळेचा सुवर्णमहोत्सव यायचा होता आणि पत्र चौकट करून भिंतीवर लावायचं ठरलं होतं. पण शाळेच्या समितीतला एक जण म्हणाला होता, सही साहेबांची नाही, बनावट दिसते.

"खरी आहे का, एवढंच सांगा," गौरम्मा म्हणाल्या. त्यांचं कन्नड मला निम्मंच कळत होतं, पण हे कळलं.

तुम्ही पत्र हातात घेतलंत. उजेडाकडे धरलंत. बराच वेळ बघितलंत. मग म्हणालात, "खरी आहे."

त्यांनी तुमचे हात धरले. कॉफी घेतली आणि गेल्या. पत्र टेबलावर होतं तेवढ्या वेळात मीही ते बघितलं होतं. शाई डाव्या टोकाला दाटलेली होती.

दार लागल्यावर मी म्हणालो, "अक्का, रेघ डावीकडून आहे."

तुम्ही कपबशा उचलत होतात.

"ती ऑफिसातल्या कुणाची तरी सही आहे. तुम्हीच शिकवलंत मला. मग खरी कशी म्हणालात?"

"माझी आहे ती," तुम्ही म्हणालात.

मग बसलात आणि सांगितलंत. मंत्रिपदाच्या शेवटच्या वर्षी साहेबांचा उजवा हात चालेना. पक्षात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. ते सांगायचे, तुम्ही लिहायचात आणि सहीही तुम्हीच करायचात. "शब्द सगळे त्यांचे, तम्मा. एक शब्द माझा नाही."

हे ऐकून मी तिथेच थांबायला हवं होतं. नाही थांबलो. मी तिशीचा होतो आणि तुमच्याकडूनच शिकलेल्या खरेपणाची मला मस्ती होती. मी म्हणालो, "मग या कपाटात खरं काय आहे, ते मी कशावरून ओळखायचं?"

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही रागावला नाहीत. कपाटाकडे बघितलंत फक्त. त्या कपाटात तुमच्या हातची एकही सही नव्हती. तुम्ही ती सगळी पत्रं बाजूला काढली होती, शिकवायला ठेवलेलं ते एक सोडून. हे मला आठ दिवसांपूर्वी वसुधाने सांगितलं. त्या दिवशी तुम्ही हे सांगू शकला असतात. नाही सांगितलंत.

मी चार महिने आलो नाही. मधल्या काळात कंपनी व्हाइटफील्डला गेली. तेव्हा तिकडे जायचं म्हणजे दुसऱ्या गावाला जाण्यासारखंच होतं. कुणी विचारलं तर मी ते कारण सांगायचो. तुम्ही विचारलंच नाहीत.

मग एक दिवस ऑफिसात फोन आला. "रविवारी मोकळा आहेस का? एका गावाला जायचंय. बसची सवय राहिली नाही मला."

बसमध्ये तुम्ही मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून बसला होतात. कुठे चाललोय ते कोलार आल्यावर सांगितलंत. मी घाबरलो. "अक्का, सगळ्यांसमोर सांगणार? मंत्र्याची सही केली म्हणून? कुणी वर तक्रार केली तर?"

"सदुसष्ट वर्षांची बाई मी. कुठे बदली करतील माझी?"

शाळेच्या अंगणात सुवर्णमहोत्सवाचा मांडव होता. गावातली पन्नास-साठ माणसं, पुढे सतरंजीवर मुलं. चौकटीतलं पत्र टेबलावर ठेवलेलं. गौरम्मांनी तुम्हाला ओळखलं आणि आनंदाने पुढच्या खुर्चीवर बसवलं. त्यांना वाटलं, तुम्ही कार्यक्रमाला आला आहात. तुम्ही त्यांच्या कानात काहीतरी बोललात, मग उठून उभ्या राहिलात.

तोवर माझं कन्नड बरंच सुधारलं होतं. तुम्ही म्हणालात, "मी या बाईंना खोटं सांगितलं. पत्रावरची सही मंत्र्यांची नाही. माझी आहे. मी त्यांची लघुलेखनिक होते."

मांडवात कुजबुज झाली. समितीतला तो माणूस उठला. "मी म्हणत होतोच! आता ही खोटी सही शाळेत लावायची का?"

"नका लावू म्हणालात तर मी पत्र घेऊन जाते. पण आधी ऐकून घ्या."

आणि पिशवीतून तुम्ही ती वही काढलीत. पिवळी पडलेली, स्प्रिंग गंजलेली. तुमच्या लघुलिपीतल्या त्या नागमोडी खुणा. चार महिने तुम्ही माळ्यावरच्या वह्या एकेक करून चाळत होतात, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं आणि मला कुठे बघावं कळेना.

तुम्ही वाचायला लागलात. पत्रातलीच वाक्यं, एकामागून एक. चौकटीतल्या पत्रावर बोट ठेवून शाळेच्या मुख्याध्यापिका ताडून बघत होत्या. एका ठिकाणी तुम्ही थांबलात.

"इथे एक वाक्य आहे. साहेबांनी सांगितलं आणि मग म्हणाले, हे काढा, मंत्र्याच्या पत्रात शोभत नाही. मी त्यावर आडवी रेघ मारली. ते पत्रात नाही." मग तुम्ही गौरम्मांकडे वळून वाचलंत, "मी चौथीत शाळा सोडली तेव्हा मला परत न्यायला आमच्या घरी कुणी आलं नव्हतं. तुम्ही मुलांच्या घरी जाता असं कळलं."

गौरम्मा खुर्चीवरून पुढे झुकल्या. मग त्यांनी विचारलं, "हे कोण बोललं?"

"साहेब."

"आमच्या यांच्यासाठी?"

"हो."

"परत वाचा."

तुम्ही परत वाचलंत. तिसऱ्यांदाही वाचलंत, कारण मागच्या बायकांना ऐकू गेलं नव्हतं. समितीतला तो माणूस कधी खाली बसला ते मी बघितलं नाही. गौरम्मा म्हणाल्या, सही कुणाची का असेना, हे वाक्य मला लिहून द्या. मुख्याध्यापिकांनी कोरा कागद आणला. तुम्ही ते वाक्य ठळक अक्षरांत लिहिलंत आणि खाली तुमची स्वतःची सही केलीत. संध्याकाळच्या आत दोन्ही कागद शेजारी-शेजारी भिंतीवर लागले.

परतीच्या बसमध्ये मी माफी मागणार होतो. वाक्य तयारही केलं होतं. तुम्ही खिडकीला डोकं टेकून झोपलात. होसकोटेला जाग आली तेव्हा म्हणालात, "पाय दुखतात रे फार." मी म्हणालो, रिक्षा करू. एवढंच झालं. पुढची तीन वर्षं मी पुन्हा दर रविवारी आलो. आपण हरलेल्यांवरून भांडलो, कोडुबळी खाल्ली, एचएसआर लेआउटमध्ये प्लॉट घ्यावा की नाही यावर तुमचा सल्ला मी घेतला आणि मानला नाही. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात तुम्ही मला फायलींतला पाला बदलायला सांगितलंत. तेव्हाही मी फक्त सरी, सरी, म्हणजे बरं, बरं, एवढंच म्हणालो.

अक्का, मी चुकलो होतो. तुम्ही गौरम्मांना सही खरी आहे म्हणालात, ते मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही, आणि हे ऐकून तुम्हाला बरंच वाटेल. पण कपाटाबद्दल मी जे बोललो ते माझ्या तोंडून जायला नको होतं. तुम्हाला एकटीने ते ओझं उचलून गावच्या मांडवात उभं राहावं लागलं, त्यात माझ्या त्या बोलण्याचा वाटा होता. आणि तरी सोबत यायला तुम्ही मलाच हाक मारलीत. त्या माणसांसमोर नव्हे, माझ्यासमोर तुम्हाला ते बोलायचं होतं का? मला आजवर विचारायचा धीर झाला नाही.

काल सकाळी मी माझ्या फायली उघडल्या. अंकासाठी तुमच्या काळातलं एखादं पत्र छापावं, म्हणून. एक पत्र मी कॉलेजात असताना नागपूरच्या एका मित्राकडून बदल्यात घेतलं होतं. इकडच्या मंत्र्यांनी तिकडच्या एका संस्थेला पाठवलेलं. बंगळूरला येताना कपड्यांच्या घड्यांमध्ये जपून आणलं होतं. झेरॉक्स काढताना दुकानातली मुलगी म्हणाली, "सर, खाली डावीकडे बारीक काहीतरी टाइप केलंय, तेही यायला पाहिजे का?"

सरकारी पत्रांवर टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं असतात, हे मला माहीत होतं. कधी लक्ष दिलं नव्हतं. मी कागद डोळ्यांजवळ नेला. एम. एस. म्हणजे एम. सुंदराबाई, तुमच्या इकडच्या रीतीने आद्याक्षर आधी.

घरी येऊन सगळी पत्रं काढली आणि फक्त तो कोपरा बघत गेलो. आणखी तीन निघाली. तुमची-माझी ओळख होण्याच्या कितीतरी आधीपासून तुम्ही माझ्याकडे होतात.

ती चारही पत्रं मी पुढाऱ्यांच्या फायलींतून काढली आहेत. नवी फाइल केली, वर तुमचं पूर्ण नाव घातलं. आता ती गुंडाळायला वसुधाकडून तुमची एखादी जुनी सुती साडी मागून आणतो.

तुमचा,
तम्मा